थोरली, धाकटी आणि खाडीपलीकडचा टॉवर : आंजर्ल्यातल्या घरच्या नेटच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

घरात दोन कंपन्यांच्या फायबर लाइनी येऊन दीड वर्ष झालं. पहिली शंभर एमबीपीएसची, माझ्या कामासाठी घेतलेली. दुसरी पन्नासची, वहिनीच्या ऑनलाइन शिकवणीसाठी. घरात त्यांना थोरली आणि धाकटी अशीच नावं पडली आहेत. आजवर दोघींचा संसार वेगळा होता, वायफायही वेगळं. थोरली गेली की मी माजघरातून उठून ओटीवर यायचो, धाकटी गेली की वहिनी चालू तासात लॅपटॉप उचलून माझ्या खोलीत. पडद्यावर पंधरा मुलं बसलेली असताना बाईंनी लॅपटॉप घेऊन घरभर फिरायचं, हे बघून मला फार वाईट वाटतं. पावसाळ्याआधी हे संपवायचं.

आराखडा साधा आहे. दोन्ही लाइनी एका डब्यात आणायच्या आणि घराला त्या डब्यातून एकच नेट द्यायचं. एक लाइन पडली तर डब्यानं आपणहून दुसरी धरावी. डबा म्हणजे सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसरचा, पंखा नसलेला छोटा संगणक. त्याला नेटवर्कचे चार पोर्ट आहेत आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी २४.१० ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली घातली आहे. कंपन्यांच्या डब्यांचं वायफाय बंद केलं. आमच्या भिंती जुन्या जाड चिऱ्याच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय ओटीवरून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत संपतंच. म्हणून माळ्यावरून नेटवर्कची कॅट ६ वायर ओढून वायफाय देणारे दोन ॲक्सेस पॉइंट लावले, एक ओटीवर आणि एक माजघराच्या मागच्या दाराशी.

१३ एप्रिल

दोन्ही कंपन्यांचे डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही मूळ पत्ता तोच. एका वाडीत एकाच नावाची तीन घरं असली तर पोस्टमन काय करणार? घराचं जाळं १९२.१६८.५०.० वर नेलं. थोरलीचा डबा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो आता नुसती लाइन पुढे देतो, आणि कंपनीशी जोडणाऱ्या पीपीपीओई पद्धतीचं लॉगिन माझ्या डब्यात भरलं. धाकटीच्या डब्यात ब्रिजची सोय नाही, तिचा पत्ता बदलून घेतला. धाकटीला बाहेरच्या बाजूनं १००.६४ नं सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते. बाहेरून घरात यायचं नसेल तर त्यानं काही अडत नाही.

१९ एप्रिल

एमवॅन३ बसवलं, म्हणजे लाइनींमध्ये रहदारी वाटणारा प्रोग्रॅम. दोन्ही लाइनींना वेगळा मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) द्यावा लागतो, तो दिला नाही तर दुसरी लाइन हिशेबातच येत नाही. थोरलीला वजन दोन, धाकटीला एक.

वहिनीनं वेग मोजून पाहिला आणि विचारलं, "भावजी, शंभर आणि पन्नास मिळून दीडशे का नाही दिसत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. एमवॅन३ वाट ठरवतं ती प्रत्येक नवी जोडणी सुरू होताना. एखादं डाउनलोड थोरलीवरून निघालं की संपेपर्यंत थोरलीवरच राहतं. धक्क्यावर दोन होड्या लागल्या तर माणसं दुपटीनं पलीकडे जातात, पण एकाच माणसाला दोन्ही होड्यांत बसता येत नाही. घरात सात-आठ उपकरणं एकदम चालू असली की दोन्ही लाइनी भरून वाहतात, एकट्या फाइलला मात्र एकाच लाइनीचा वेग.

खरोखरीची बेरीज करता येते. त्यासाठी एमपीटीसीपी नावाची पद्धत आहे (२०२० सालचं आरएफसी ८६८४). तिच्यावर बेतलेलं ओपनएमपीटीसीपीराउटर वापरून, बाहेर कुठेतरी एक सर्व्हर भाड्यानं घेऊन सगळी रहदारी त्याच्यामार्फत न्यायची. दोन रात्री त्यावर वाचत बसलो. मला हवंय ते न तुटणारं नेट. दीडशेचा आकडा दिसावा म्हणून महिन्याचं भाडं भरायचं आणि मध्ये बिघडू शकणारी आणखी एक जागा तयार करायची, हे पटलं नाही. सोडून दिलं.

२३ एप्रिल

तीन दिवस घरात तक्रार होती की काही संकेतस्थळं अर्धी उघडून थांबतात, आणि तीही कधीकधीच. आज कारण सापडलं. पीपीपीओईमुळे पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ बाइट होते. पाकिटं त्या मापाची व्हावीत म्हणून फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगची खूण असते. मूळच्या वॅन झोनमध्ये, म्हणजे बाहेरच्या नेटसाठीच्या नियमांच्या गटात, ती आधीपासून असते. मी थोरलीसाठी नवा झोन केला आणि त्यात ती खूण करायची राहिली. त्यामुळे थोरलीवरून गेलेली मोठी पाकिटं वाटेत हरवायची, धाकटीवरची नीट यायची. खूण केली, पाच मिनिटांत सगळं सुरळीत. दोन लाइनींमध्ये भार वाटला की दोष पण वाटून दिसतो, म्हणून तो शोधायला वेळ लागतो. यापुढे काही अर्धवट चालतंय असं वाटलं तर आधी एक लाइन पूर्ण बंद करून बघणार.

१ मे

सुट्टी. दिवसभर डब्यापाशी.

बाबा बँकेचं काम करत असताना मध्येच बाहेर फेकले जात होते. एक जोडणी थोरलीवरून जाते, पुढची धाकटीवरून, आणि बँकेला एकच माणूस दोन पत्त्यांवरून आलेला दिसतो. सुरक्षित संकेतस्थळांच्या ४४३ पोर्टसाठी स्टिकी नियम लावला. आता एका उपकरणानं धरलेली लाइन दहा मिनिटं तीच राहते.

संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर, म्हणजे डीएनएस, दोन्ही कंपन्यांचे काढून टाकले. एका कंपनीचा डीएनएस दुसरीच्या लाइनीवरून आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, मग लाइन बदलूनही नावं सापडत नाहीत. आता १.१.१.१ आणि ९.९.९.९ हे सार्वजनिक.

लाइन जिवंत आहे का, हे दर पाच सेकंदांनी पिंग करून, म्हणजे छोटी हाक मारून, बघायचं. तीनदा उत्तर नाही आलं की मेलेली धरायची, आणि परत आल्यावर सलग आठ उत्तरं मिळाल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकायचा नाही. कंपनीच्या डब्याला पिंग करून काही कळत नाही. फायबर तुटली तरी डबा घरात बसून उत्तर देतच राहतो, म्हणून पिंग बाहेरच्या पत्त्यांना. लाइन पडताच जुन्या जोडण्या पुसून टाकायची सोयही चालू केली, नाहीतर फोन मेलेल्या वाटेवरच उत्तराची वाट बघत बसतात.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पिढीचे नेटपत्ते, सध्या घरात बंद ठेवलंय. दोन कंपन्यांचे दोन वेगळे पत्ते प्रत्येक फोनला मिळतात आणि चुकीच्या पत्त्यानिशी चुकीच्या दारातून निघालेलं पाकीट कंपनी टाकून देते. बंद ठेवणं मनाला पटलेलं नाही.

संध्याकाळी वहिनीचा तास चालू असताना, तिला आधी सांगून, धाकटीची वायर उपटली. सोळा सेकंद चित्र गोठलं, मग परत आलं. मुलांनी विचारलंही नाही. मला फार समाधान वाटलं.

२४ मे, शनिवार

सकाळपासून समुद्राचा आवाज वेगळाच. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढला. निसर्ग चक्रीवादळासारखं काही नव्हतं. ३ जून २०२० चा तो दिवस ज्यांनी इथे काढलाय त्यांना वाऱ्याची पट्टी वेगळीच लागते. पण पाऊस आडवा होता आणि वीज अकराला गेली ती गेलीच.

अकरा चाळीसला थोरलीच्या डब्यावर लाल दिवा. मी इन्व्हर्टरवर बसलेलो, म्हटलं आता धाकटी धरेल. धाकटीचाही दिवा लाल.

२५ मे

पाऊस थोडा थांबल्यावर बाबा आणि मी तार धरून चालत निघालो. घरापासून तिसऱ्या खांबापाशी माड पडला होता. त्याचा शेंडा रस्त्यात, बुंधा गडग्यावर, आणि त्याच्याखाली दोन्ही काळ्या तारा एकाच ठिकाणी तुटलेल्या. दीड वर्ष मी दोन कंपन्यांना पैसे भरतोय आणि दोघींच्या तारा एकाच खांबाला, एकाच पकडीत, वीतभर अंतरावर बांधलेल्या. बाबा तिथे उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "अरे, मग आपल्याकडे नेट एकच होतं की रे."

मी एप्रिलभर डब्याच्या आत दोन वाटा करत होतो. डब्याबाहेर वाट कुठून येते, हे एकदाही चालत जाऊन बघितलं नव्हतं. एमवॅन३मधल्या वजनांपेक्षा हा पाऊण किलोमीटर फेरफटका आधी करायला हवा होता.

परत येताना वहीत नकाशा काढला: कुठला खांब, कुठली तार, कुठे जोड, कुठे माड झुकलेत. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत अकरा खांब, आणि अकराही दोघींत सामाईक.

२८ मे

लाइनी अजून बंद. यंदा अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन आहेत आणि पुतणीची नोंदणी व्हायची आहे. घरात मोबाइलला एक दांडी, तीही माडांच्या सळसळीबरोबर येते-जाते. शेवटी तिला गाडीवर घेऊन खाडीच्या पुलावर गेलो. तिथे हर्णैच्या बाजूचा टॉवर समोर दिसतो, मध्ये नुसतं पाणी. पुलाच्या कठड्याला टेकून, दप्तर छत्रीखाली धरून, तिनं वीस मिनिटांत नोंदणी केली. मी फोनमध्ये सिग्नलचे आकडे बघत होतो, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले: उणे ८४. घरात उणे ११६.

हा टॉवर आपल्या अकरा खांबांवर अवलंबून नाही. तिसरी वाट हीच.

३१ मे

केबलवाल्याच्या पोरांनी दोन्ही लाइनी जोडल्या. स्प्लाइसिंग यंत्रात काचेचे दोन केसाएवढे धागे समोरासमोर येतात, पडद्यावर मोठे दिसतात, एक बारीक ठिणगी, आणि एक होतात. मी त्यांना चहा दिला आणि धाकटीची तार दुसऱ्या बाजूनं आणता येईल का ते विचारलं. "पावसानंतर बघू," म्हणाले. पावसात खांबावर चढणाऱ्याला घाई करायची नाही.

८ जून, रविवार

पावसानं उघडीप दिली आहे. आज अँटेना.

फोरजीचा राउटर घरात ठेवून लांबलचक अँटेना-वायर वर न्यायची, ही पहिली कल्पना सोडून दिली. त्या वायरीत सिग्नल मीटरमागे झिजत जातो, नेटवर्कची वायर मात्र शंभर मीटरपर्यंत काही गमावत नाही. म्हणून राउटरच मांगराच्या शिडशिडीत खांबावर, पाणी न शिरणाऱ्या पेटीत, अँटेनाशेजारी. अँटेना दिशादर्शक, दोन वायरींची.

मी शिडीवर, बाबा खाली माझा फोन हातात घेऊन. चष्मा कपाळावर चढवून ते आकडा वाचत होते.

"एकशे तीन."

जरा डावीकडे वळवली.

"एकशे सात. नको, नको, फिरव परत. हा आकडा कमी झाला की चांगलं ना?"

"हो बाबा. उणे आहे तो."

"मग असं कर, रात्री हर्णैच्या बत्तीचा झोत जिथून येतो ना, त्या दोन माडांमधून, तिकडे धर."

दिवसाउजेडी मला ती जागा सापडेना. बाबांनी काठीनं दोन माड दाखवले. त्यांच्यामधली फट हातभर असेल. अँटेनाचं तोंड तिकडे केलं.

"अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव. थांब! त्र्याण्णव. तिथंच आवळ."

आवळली. उणे ९३, आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल तीनवरून चौदावर. वेग बावीस एमबीपीएस. साठ वर्षं त्या पडवीत बसून बत्ती बघितल्याचा उपयोग झाला, असं बाबा आईला आत जाऊन सांगत होते.

मांगर ते घर ही साठ मीटरची वाट तांब्याच्या वायरीनं जोडायची हिंमत झाली नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात इथे वीज जवळ पडते, आणि उंच खांबावरून निघालेली तांब्याची वायर ती थेट माजघरात आणेल. म्हणून फायबर टाकली, आत पोलादी तार नसलेली, दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची वायर यांना जोडणारे मीडिया कन्व्हर्टर. खांबाला वेगळं अर्थिंग.

एमवॅन३मध्ये फोरजी दुसऱ्या फळीत. थोरली आणि धाकटी दोन्ही गेल्या तरच. तेव्हा माझं काम, वहिनीचा तास आणि मेसेज एवढंच चालेल, टीव्ही आणि फोनचे अपडेट बंद. त्या वाटेवर केक नावाची रांग-व्यवस्थाही लावली, मोजलेल्या वेगाच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर, म्हणजे कोणी फोटो चढवायला लागला तरी बोलणं तुटणार नाही.

१५ जून

वीज. घरातला डबा, कंपन्यांचे दोन डबे, कन्व्हर्टर आणि दोन ॲक्सेस पॉइंट मिळून तीस वॅट खातात. १२.८ व्होल्ट, वीस अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २५६ वॅट-तास. सात तास तरी निघावेत. पूर्ण भरताना ही बॅटरी १४.६ व्होल्टपर्यंत चढते आणि कंपन्यांचे डबे बाराचे, म्हणून मध्ये बारा व्होल्ट स्थिर देणारं सर्किट. दोन पिना ५.५ बाय २.१ मिलिमीटरच्या, एक २.५ ची. तिन्हींची धन-ऋण बाजू मीटरनं तपासूनच जोडल्या.

मांगरात घरातली जुनी शिसे-आम्लाची, सात अँपिअर-तासांची बॅटरी. तिथला भार नऊच वॅट आहे.

२६ जुलै, शनिवार

काल दुपारी चारला वीज गेली. थोरली सव्वापाचला, धाकटी साडेपाचला. या वेळी तार तुटली नव्हती, पुढे कुठेतरी कंपन्यांच्या पेटीतली बॅटरी संपली असणार. फोरजीनं पंधरा सेकंदांत जागा घेतली. वहिनीचा सहाचा तास पूर्ण झाला.

आठला फोरजी गेली. मांगरात गेलो तर माझीच बॅटरी संपलेली. चौऱ्याऐंशी वॅट-तास भागिले नऊ असा हिशेब करून मी नऊ तास धरले होते, पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते आणि ही तर जुनी. गाडीची बॅटरी काढून जोडली, राउटर उठला, तोवर पावणेदहा. दहा वाजून वीस मिनिटांनी सिग्नलच नाहीसा झाला. टॉवरवरचीही बॅटरी संपली.

अंधारात पेटीचं झाकण बंद करताना राउटरला लागलेल्या नेटवर्क वायरीचा जोड बघितला. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी तीन हिरव्या झाल्या होत्या, दीड महिन्यात. खारी हवा पेटीच्या तळाच्या भोकातून आत येते. जोड कापून नवा घातला, सिलिकॉन ग्रीस भरलं, भोकाला रबरी बूच. बाहेरचे सगळे जोड दर पौर्णिमेला बघायचे असं ठरवलं. पौर्णिमा तेवढी घरात कोणी विसरत नाही.

वहीतल्या नकाशाला आज दुसरा रंग दिला. निळा रंग तारेचा होता, लाल विजेचा. तिन्ही वाटा लाल रंगात एकाच ठिकाणी मिळतात. सबस्टेशनपासूनची लाइन गेली की सगळ्यांची बॅटरी एकदमच उतरू लागते, फक्त कोणाची आधी, कोणाची नंतर. टॉवरच्या बॅटरीचं मी काही करू शकत नाही. मांगरातली बदलू शकतो.

उपग्रहाच्या नेटला जूनमध्ये परवाना मिळाल्याची बातमी वाचली होती. त्याची वाट इथल्या कुठल्याच खांबावरून जाणार नाही, म्हणून मला त्याची आस आहे. सेवा सुरू होईल तेव्हा बघू.

२ ऑगस्ट

मांगरात लिथियम बॅटरी, बारा अँपिअर-तास. वर एक छोटं सौरपॅनेल. श्रावणात त्यातून फार काही मिळणार नाही.

३० ऑगस्ट

गणपतीला घर भरलंय. मुंबईची, पुण्याची मिळून बावीस माणसं, डब्याच्या यादीत एकतीस उपकरणं. एवढ्या गर्दीत वजन वाटून देण्याचा खरा फायदा दिसला. एकतीस उपकरणांच्या जोडण्या दोन्ही लाइनींवर पसरल्या आणि रात्री नऊला दोघी जवळजवळ दोनास एक अशा भरल्या होत्या.

काल संध्याकाळच्या आरतीला मस्कतहून दादा व्हिडिओवर होता. फोन समईपासून जरा लांब, पाटावर उभा केलेला. आज नोंदवही बघितली तर ७ वाजून ४१ मिनिटांनी थोरली पडली होती, आणि अकरा मिनिटांनी परत आली. दादाला विचारलं. म्हणाला, "हो, झांजा थोडा वेळ गेल्या होत्या, मला वाटलं कडवं संपलं."

१४ सप्टेंबर, रविवार

केबलवाल्याची पोरं शब्दाला जागली. धाकटीची तार आजपासून मागच्या अंगानं येते. पाखाडीकडच्या वेगळ्या पेटीतून, शेजारच्या काकांच्या आगरातून, गडग्यावरून आमच्या विहिरीपाशी. एकशे ऐंशी मीटर नवी तार. काकांना परवानगी विचारायला मी आणि बाबा दोघं गेलो होतो. काका म्हणाले, "तार जाऊ दे, पण पोफळीला बांधू नका, बेडे उतरवताना पोराच्या गळ्यात यायची." म्हणून तीन ठिकाणी चिव्याच्या काठ्या पुरून त्यावरून नेली, डोक्याच्या वर, माडांच्या पडण्याच्या रेषेपासून लांब जमेल तेवढी.

दुपारी अडीचला जोड झाला. धाकटीच्या डब्यावर प्रकाशाची ताकद उणे २१.४ डीबीएम, आधी उणे २४ होती. थोरली पुढच्या दारानं, धाकटी मागच्या. नकाशातले सामाईक खांब अकरावरून शून्यावर आणले आणि वही कपाटात ठेवली. फोरजीच्या अँटेनासमोरच्या दोन माडांपैकी उजवीकडच्याची झावळी खाली आलीय, ती उद्या पाडेल्याकडून काढून घ्यायची आहे.